नारळ, चार खिळे आणि आमची विहीर: पाणी शोधणाऱ्या दोन सेवांचा अनुभव

गेल्या एप्रिल-मे महिन्यात आमच्या वावरात पाणी शोधायला दोन जण येऊन गेले. पहिले नारळवाले पाणाडे काका, दुसरे यवतमाळहून आलेले भूगर्भशास्त्राचे सर. दोघांनाही आम्ही पैसे दिले. नावं लिहीत नाही. काका गरीब आणि सरळ माणूस आहेत, आणि सरांबद्दल माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या मी त्यांना फोनवर सांगून झाल्या आहेत. पण उन्हाळा लागला की गावोगाव हीच धावपळ सुरू होते, म्हणून काय घडलं ते सविस्तर लिहिते. एक गोष्ट पाण्यापलीकडची आहे. तीही लिहिणार आहे, कारण मला तिचाच जास्त त्रास झाला.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. साडेपाच एकर वावर, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर आणि थोडा हरभरा. विहीर 42 फुटांची, शिवरात्र झाली की तळ दिसतो. बचत गटातून 50,000 रुपये कर्ज मिळालं तेव्हा बोअर मारायचं ठरलं. जागा कोण दाखवणार हे घरात कोणी विचारलंसुद्धा नाही. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नारळवाल्या काकांना निरोप धाडला.

काका पहाटे सहाला आले. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चप्पल काढली, सूर्याला हात जोडले, शेंडीचा नारळ उजव्या तळहातावर आडवा ठेवला आणि चालायला लागले. वय साठीचं, पण पाऊल इतकं हलकं की ढेकळं फुटत नव्हती. ते पायाळू आहेत. आपल्याकडे पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. त्यांच्या आजीनं ते त्यांना सात वर्षांचे असताना सांगितलं आणि तेव्हापासून ते हे काम करतात. रक्तगटही ओ पॉझिटिव्ह लागतो, असं ते म्हणाले. पूर्वेच्या धुऱ्यापासून थोडं आत आल्यावर नारळ हलला आणि शेंडी वर करून उभा राहिला. मी चार हातांवर होते. काकांची बोटं स्थिर दिसत होती. त्यांनी तिथे चुन्याचं रिंगण केलं आणि सांगितलं, “एकशेऐंशी फुटावर अडीच इंच पाणी लागन.”

मी दोन प्रश्न विचारले. एकशेऐंशी कसं कळलं, आणि शेजारच्या वावरात मागच्या वर्षी 300 फूट कोरडं गेलं तिथेही नारळ उठला होता का. काका रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, हातात वजन येते, त्यावरून समजते.” दुसऱ्या प्रश्नावर मात्र मामाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प झाले. काकांना 2,100 रुपये आणि शिधा दिला. पाणी लागलं तर आणखी 5,000 द्यायचे ठरले.

बोअरची गाडी यायच्या आदल्या रात्री मी देवघरासमोर बसले आणि स्वतःला खरोखर समजावलं. म्हटलं, उद्या गटाचं कर्ज या जागेत ओतायचं आहे, हे निवांत झोपले आहेत, मामाजी निवांत आहेत, मग तूही मान. मानलं तर तुझी झोप तरी होईल. डोळे मिटून मी ते मनात कितीतरी वेळा म्हटलं. नारळ वाढवला, हळदकुंकू वाहिलं, लिंबू कापलं. हातांनी जे करायचं ते सगळं केलं. मन जागचं हललं नाही. मला विश्वास ठेवायची इच्छा होती, गरज होती, तसं वागायची तयारी होती, आणि तरीही तो ठेवता आला नाही. तोपर्यंत मला वाटायचं की विश्वास म्हणजे ठरवण्याची गोष्ट आहे. कोणी ठेवतो, कोणी ठेवत नाही. पण कोणी लाख रुपये समोर ठेवून म्हटलं की आत्ता या क्षणी तुमच्या वावरातून नदी वाहते असं माना, तर मी तोंडानं हो म्हणेन आणि पैसे घेईन. मानणं मात्र माझ्या हातात नसेल. डोळ्यांना कोरडं ढेकूळ दिसतंय ना.

गाडी रात्री अकराला आली. तमिळनाडू पासिंगची होती. तिकडचं तिरुचेनगोड बोअरच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथली पोरं महिनोन्महिने आपल्याकडे गाडीवरच राहतात. त्यातला एक पोरगा मला अक्का म्हणायचा. रॉड 20 फुटांचा असतो. एक रॉड आत गेला की थांबून दुसरा जोडतात. त्या थांबण्यात मी दर वेळी छिद्राजवळच्या भुकटीची मूठभर पुडी बांधली आणि वर बॉलपेननं 20, 40, 60 असं लिहिलं. कशाला ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की या रात्रीत माझ्या मर्जीचं हेच एक काम आहे. त्या पोराला ते लगेच समजलं. पुढच्या पुड्यांच्या वेळी तो स्वतःच फावडं पुढे करायचा.

60 फुटांवर भुकटी थोडी ओलसर आली. सगळे उभे राहिले. त्यानंतर काळा धुराळा सुरू झाला. 180 आले, गेले. 200 च्या पुढे लाल माती आली, तीही कोरडी. मामाजी म्हणाले, अजून जाऊ द्या. 280 ला ह्यांनी हात वर करून थांबवलं. तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते आणि सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. 280 फुटांचे 95 रुपयांनी 26,600, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप, 40 फूट 380 रुपयांनी 15,200. एकूण 41,800. माझ्याकडे 14 पुड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आतेसासूबाई आल्या. ओट्यावर बसून म्हणाल्या, “घरात एकाच्याई मनात किंतु असला तं पाणी हटते.” नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, प्रश्न मीच विचारले होते. त्या दिवसापासून आठवडाभर मी स्वयंपाकघरात कमी बोलले. मला राग आला होता, पण रागाखाली एक भीती होती: खरंच माझ्यामुळे तर नाही? आणि त्या भीतीत एक अन्याय होता, जो मला नंतर उलगडला. जी गोष्ट मी ठरवून केली नव्हती, जी बदलायचा मी रात्रभर प्रयत्न केला होता, तिचा दोष माझ्यावर येत होता. कर्जाचा हप्ता चुकवला तर मला बोला. चूल विझू दिली तर बोला. पण मनात शंका आली याबद्दल कोणाला कसं बोलता येईल?

माझी मुलगी यवतमाळला बी.एस्सी. करते. सुट्टीत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती उठली, देवघरातला नारळ आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाली, “आई, पाट्याखाली पाणी आहे असं मनात धर आणि तिकडे चाल. हात मुद्दाम हलवायचा नाही.” मी चालले. पाट्याजवळ गेले आणि नारळ उठला! अंगावर काटा आला. मी हात हलवला नव्हता, शपथेवर सांगते. मग तिनं सांगितलं की पाणी पाट्याखाली नाही, रांजणाखाली आहे असं धर. रांजणाजवळ उठला. पाट्याजवळ नेला तर आता तिथे नुसता पडून राहिला.

आडव्या नारळाचा तोल नाजूक असतो. तळहात केसभर कलला तरी तो वळतो, आणि मनात धरलेल्या जागेजवळ स्नायू तेवढं कलणं आपल्याला न विचारता करतात. विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरानं 1852 मध्येच याचं वर्णन करून त्याला नाव दिलं होतं. मुलीनं आणखी एक सांगितलं. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये एका दुमजली कोठारात पाणाड्यांची परीक्षा झाली. खाली गाडीवर पाण्याचा पाइप, जागा दर वेळी बदललेली. वर पाणाडे, त्यांनी पाइप कुठे आहे ते सांगायचं. सुमारे 500 जणांतून निवडलेले 43 जण, 843 प्रयत्न. बहुतेकांचं उत्तर अंदाजापेक्षा चांगलं निघालं नाही. तरी परीक्षा घेणारे म्हणाले की थोड्यांकडे ती शक्ती आहे. पुढे दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं तेच आकडे तपासून सांगितलं की हा निव्वळ योगायोग आहे. आकडे तेच. मला त्या जर्मन लोकांचं नवल वाटलं नाही. इतकी वर्षं, इतका खर्च केल्यावर हातात काहीच नाही असं मानणं त्यांनाही जड गेलं असेल.

स्वयंपाकघरातल्या त्या नारळानं मला काकांबद्दल जे कळलं ते मी आधी कधी मानलं नसतं. काका फसवत नाहीत. त्यांच्या हातात खरंच वजन येतं.

आठ दिवसांनी काका स्वतःहून आले. कमरेच्या पिशवीतून 2,100 काढून ओट्यावर ठेवले. “मी घ्याले नाही आलो, वापस द्याले आलो.” मी चहा ठेवला आणि भीतभीत विचारलं की काका, डोळ्याला दुपट्टा बांधून एकदा चालून पाहाल का. मामाजी घरी नव्हते. काका थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “म्या कदी असं करून नाही पायलं. चाल, पाहू.”

वावरात आधी उघड्या डोळ्यांनी चालले. नारळ बरोबर कोरड्या बोअरजवळ उठला. मग दुपट्टा बांधला, ह्यांनी त्यांचा दंड धरला आणि दर वेळी वेगळ्या जागेवरून सोडलं. पाच वेळा नारळ पाच ठिकाणी उठला. मी प्रत्येक ठिकाणी तुराटी रोवली. पहिल्या आणि शेवटच्या तुराटीत 31 पावलं अंतर होतं. दुपट्टा सोडल्यावर काकांनी त्या पाच काड्या पाहिल्या. धुऱ्यावर बसले, पाणी प्याले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “मंग उठवते कोन?”

मी त्यांना स्वयंपाकघरातलं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले ते मी विसरणार नाही: “तू म्हनते ते खोटं नसन, ताई. पन मले वाटते तं वाटतेच. सात वर्साचा होतो तवापासून वाटते. ते मी बंद कसं करू?”

देवघरापुढे मीही हेच विचारत होते, उलट्या बाजूनं. मला सुरू करता येत नव्हतं, त्यांना बंद करता येत नव्हतं. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जी जवळीक वाटली ती घरातल्या कोणाबद्दल त्या महिन्यात वाटली नव्हती. पैशांतले हजार रुपये आम्ही त्यांना परत दिले. पहाटे दोन तास ते चालले होते.

मामाजींबद्दलही सांगायला हवं, कारण त्यांचा विश्वास म्हणजे अडाणीपणा असं कोणी समजू नये. 1972 च्या दुष्काळात ते पंचविशीत होते. जनावरं विकली, रोजगार हमीवर खडी फोडली. 1973 मध्ये एका पाणाड्यानं नाल्याच्या वळणाजवळ जागा दाखवली आणि 28 फुटांवर पाणी लागलं. तीच आमची विहीर. त्या पाण्यावर घर उभं राहिलं. ज्या माणसानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याला तुम्ही विश्वास ठेवू नका असं कसं सांगाल? त्यांच्या खोलीत गाडगेबाबांचा फोटो आहे. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म 1876 चा, कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. मामाजींच्या वडिलांनी ती कीर्तनं ऐकली होती. मामाजी दगडापुढे कोंबडं कापत नाहीत, अंगारा-धुपारा घरात येऊ देत नाहीत. नारळाचं मात्र त्यांनी पाहिलेलं आहे.

आता दुसरी सेवा.

यवतमाळच्या सरांचा नंबर गटातल्या एकीनं दिला. फी येण्याजाण्यासकट 4,000. सर मे महिन्यात दुपारी आले. यंत्र छोट्या सुटकेसएवढं, सोबत चार लोखंडी खिळे आणि वायरींची गुंडाळी. बाहेरच्या दोन खिळ्यांतून जमिनीत वीज सोडतात, आतल्या दोन खिळ्यांवर दाब मोजतात. त्यावरून जमीन विजेला किती अडवते ते निघतं. खिळे लांब लांब नेत गेलं की जास्त खोलीचं कळतं. मे महिन्याची जमीन इतकी वाळलेली असते की खिळ्याच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं. मामाजी बाजेवरून पाहत होते, म्हणाले, “पाणी शोधाले पाणी ओततेत?” सरांनी त्यांना नीट समजावलं, हे मला आवडलं.

आणखी आवडलं ते म्हणजे यंत्र काढायच्या आधी सर तासभर नुसते फिरले. शेजारच्या चार विहिरींत डोकावले, नाल्याकाठच्या सिंदीपाशी थांबले, खोली विचारून लिहून घेतली. सिंदी, उंबर असली झाडं जिथे वाढतात तिथे ओल जवळ असते, हे जुन्या लोकांचं म्हणणं बरोबर आहे असं ते म्हणाले. 1973 च्या पाणाड्यानंही बहुधा हेच पाहिलं असणार: नाल्याचं वळण, सखल जागा, झाडं. नारळ शेवटी आला असेल.

मी माझ्या 14 पुड्या त्यांच्यापुढे मांडल्या. सर खाली बसले. एकेक पुडी तळहातावर ओतून पाहिली, थेंबभर पाणी टाकून बोटांनी चोळली. म्हणाले, “हे कोणी ठेवलं?” मी म्हटलं, मी. ते म्हणाले की इतक्या वर्षांत शेतकऱ्याकडून असं पहिल्यांदा मिळालं.

मग त्यांनी त्या पुड्यांवरूनच आमचं वावर वाचून दाखवलं. आपल्या या भागाखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत, एकावर एक. वरचा भाग झिजून मुरूम झालेला, त्यात पाणी मुरतं आणि साठतं. त्याखाली एकसंध काळा दगड, त्यात फट नसेल तर थेंब राहत नाही. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा भाग भाजून-झिजून लाल माती होते, तीच 200 फुटांवर आलेली. आमच्याकडे मुरूम 55-60 फुटांपर्यंत. म्हणजे ओल तिथेच, 60 च्या पुडीत दिसलेली. केसिंग 40 फुटांपर्यंत टाकून वरची ओल आपणच बंद केली होती, आणि खालचे सव्वादोनशे फूट आपण दगडच फोडला.

मी विचारलं, “सर, घरातल्या कोणाच्या मनात शंका असली तर पाणी हटतं का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. “ताई, हा दगड तुमच्या-माझ्या आधी कोट्यवधी वर्षं असाच आहे,” एवढंच म्हणाले. मामाजी तिथेच होते. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून चहाचं निमित्त करून आत गेले.

आणि इथे मला स्वतःबद्दल एक सांगायचं आहे. सर बोलत असताना माझा विश्वास बसला. मी बसवला नाही. बसला. देवघरापुढे जोर लावूनही जे झालं नव्हतं ते इथे न मागता झालं. रात्री मी मुलीला विचारलं की सरांच्या हातात यंत्र होतं, शिक्षण होतं, म्हणून तर मी भुलले नाही ना? मामाजी पाणाड्याच्या पायाळूपणाला भुलले तशी मी काट्याला भुलले असेन. ती म्हणाली, “पुड्या तू यंत्र यायच्या आधी बांधल्या होत्यास.” ते खरं होतं. त्या रात्री काय मानायचं ते माझ्या हातात नव्हतं, पण मूठभर भुकटी बांधून ठेवायची की नाही ते होतं. प्रश्न विचारायचा की गिळायचा, तेही होतं. तो मी मामाजींच्या नजरेमुळे गिळला, आणि तीच एक गोष्ट मला लागून राहिली आहे.

शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांत संविधानाची प्रास्ताविका असते. आमची मुलगी लहान असताना ती रोज मोठ्यानं म्हणायची: “विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य.” भाकऱ्या थापताना ऐकून मलाही पाठ झालं. आता मला त्या ओळीचा अर्थ वेगळा लागतो. ज्या गोष्टीवर माझं स्वतःचंच चालत नाही, तिच्यावर दुसऱ्या कोणाला चालवू देऊ नये, म्हणून ते स्वातंत्र्य लिहिलं आहे. मामाजींना नारळावरचा विश्वास सोडा म्हणायचा हक्क मला नाही. पण 41,800 रुपये खर्च व्हायच्या आधी घरातल्या सुनेला “मला खात्री वाटत नाही” असं म्हणता आलं पाहिजे, आणि म्हटल्यावर पाणी हटल्याचा आळ तिच्यावर येता कामा नये. विचारांच्या शेजारी अभिव्यक्ती उगाच लिहिलेली नाही.

सरांच्या सेवेतल्या तक्रारी आता लिहिते. अहवाल सहा दिवसांनी आला आणि तो पूर्ण इंग्रजीत. आठ पानं, आलेख, ओहम-मीटरचे आकडे. मुलगी नसती तर आम्हाला त्यातलं अक्षर कळलं नसतं. ज्यानं पैसे दिले त्याला वाचता येत नसेल तर त्याच्यासाठी तो अहवाल आणि नारळ सारखेच. दोन्हींवर डोळे मिटून विश्वासच ठेवायचा. मी फोन करून हे सांगितलं. पुढच्यांना मराठीत एक पान तरी देतो म्हणाले. दुसरं, खिळ्यांची एक ओळ त्यांनी तारेच्या कुंपणाजवळून नेली. लोखंडी तार आणि विजेची लाइन जवळ असली की आकडे बिघडतात, हे त्यांनीच नंतर सांगितलं आणि ती ओळ पुन्हा घेतली. तुम्ही बोलावलंत तर आधीच विचारा. आणि ओली चिकणमातीही यंत्राला पाण्यासारखीच दिसते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर कोणी जागा सांगत असेल तर थांबा. आमच्या सरांनी ते लपवलं नाही. “मी पाणी सांगत नाही, खडक सांगतो” हे त्यांचं वाक्य होतं. बोअरवाल्यांना मात्र मी नावं ठेवणार नाही. त्यांनी सांगितलं तेवढं खोदलं, मोजून पैसे घेतले.

सरांचा सल्ला असा होता की दुसरं बोअर मारूच नका. जुनी विहीर खोल करा आणि तळाशी आडवे बोअर घ्या. गटाचे उरलेले पैसे, विकलेली तूर आणि माझ्या भावाकडून उसने घेऊन आम्ही क्रेन लावली. 12 फूट, फुटाला 6,000 प्रमाणे 72,000. तीन आडवे बोअर 40-40 फुटांचे, त्याचे 13,200. एका आडव्या बोअरातून बोटाएवढी धार लागली, दुसरा नुसता पाझरतो, तिसरा कोरडा. सरांनी तिन्हींतून पाणी येईल असं म्हटलं नव्हतं, पण मला आशा होती. पावसाळ्याआधी काम संपलं.

धार लागली तो बोअर पूर्वेच्या बाजूचा आहे. त्या दिवशी मामाजी विहिरीत वाकून पाहत होते. वर येऊन म्हणाले, “पाय, नारळ पूर्वेलेच उठला व्हता. जागा खरी व्हती, खोली चुकली.” मी काही बोलले नाही. ती बाजू नाल्याकडची आहे, हे त्यांना माहीत आहे. आतेसासूबाईंनी मात्र दिवाळीत मला बाजूला घेऊन नवी साडी दिली. त्या दिवसाचा विषय निघाला नाही.

ऑक्टोबरपासून मी वहीत पाण्याची पातळी लिहिते. गाठी मारलेला दोर, टोकाला दगड, काठापासून मोजायचं. पहिले दोन महिने मी एकटीच जायचे. जानेवारीपासून दर रविवारी मामाजी दोर घेऊन पुढे होतात. गाठी ते मोजतात, आकडा मी लिहिते. चष्मा नसला तरी वही हातात घेऊन मागच्या आठवड्याचा आकडा वाचायला लावतात. यंदा पाऊसही बरा झाला, त्यामुळे सगळं श्रेय खोदकामाला देता येत नाही. दोन-तीन वर्षांचे आकडे जमले की नीट कळेल. हरभऱ्याला दोन पाणी झाले, अर्धा एकर गव्हालाही पुरलं.

काल 9 मार्च. दोर टाकल्यावर मामाजींनी गाठी दोनदा मोजल्या. पाणी काठापासून 42 फूट 8 इंचांवर आहे. जुना तळ 42 वर होता.